वजनाच्या रकान्याशेजारी पाळीची तारीख : नोंदपत्रकाच्या कामाच्या नोंदी

१० जून २०२४

सांगलीतील महिला व्यायाम वर्गासाठी नवे नोंदपत्रक तयार करण्याचे काम आज ठरले. सध्याच्या पत्रकात वजन, कंबर आणि हजेरी एवढेच रकाने आहेत, त्यामुळे एखादीची पाळी आहार सुरू केल्यापासून लांबली किंवा थांबली तर ते कळण्याची सोय कोठेच नाही. प्रशिक्षक बाईंकडे मात्र हा प्रश्न दर आठवड्याला येतो, आणि विचारणारीला आधी मिळालेली उत्तरे ऐकली की काळजी वाटते. कोणी सांगते, चरबी वितळते आहे, हे चांगले लक्षण आहे. कोणी सांगते, व्यायामाने उष्णता वाढली, सब्जा घ्या. पत्रकाचा आराखडा आणि सोबतची चार पानी माहिती आहारतज्ज्ञ म्हणून मी लिहीन, प्रशिक्षक बाई वर्गात पत्रके भरून घेतील आणि एक स्त्रीरोगतज्ज्ञ महिन्यातून एकदा ती पाहतील, अशी विभागणी केली. पत्रकावर नाव असणार नाही, केवळ खुणेचा क्रमांक आणि वय असेल. पाळीचा रकाना भरणे ऐच्छिक राहील.

१८ जून

बदल ओळखायचा तर आधी नेहमीचे काय ते माहीत हवे. रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस धरायचा आणि पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत मोजायचे, ही साधी पद्धत पत्रकाच्या माथ्यावर छापायची. प्रौढ स्त्रीमध्ये २४ ते ३८ दिवसांचे चक्र आणि आठ दिवसांपर्यंतचा रक्तस्राव स्वाभाविक मानला जातो. दर महिन्याला तारीख चार दिवस पुढेमागे झाली तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पाळी महिन्याच्या त्याच तारखेला आली पाहिजे असे मानणाऱ्या सभासद बऱ्याच आहेत, त्यांच्यासाठी हे वाक्य ठळक अक्षरात हवे.

आहार सुरू करण्यापूर्वीच्या तीन पाळ्यांच्या तारखाही विचारायच्या. त्याखेरीज नंतरच्या आकड्यांना अर्थ राहत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी सुचविल्याप्रमाणे ‘इतर’ या रकान्यात गर्भनिरोधक गोळ्या, तांबी, बाळाला अंगावर पाजणे, थायरॉईडचे औषध आणि नुकतेच झालेले आजारपण यांची नोंद असेल. गर्भनिरोधक गोळ्यांवर असलेल्या स्त्रीला दर महिन्याला होणारा रक्तस्राव गोळ्यांचे पाकीट संपल्यामुळे होतो, त्यामुळे तिची तारीख वेळेवर आली म्हणून आहार पुरेसा आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

२ जुलै

माहितीपत्रकातील मुख्य भाग लिहायला घेतला: खाणे कमी केले की पाळी का बदलते?

मेंदूतील हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने एका संप्रेरकाचे ठोके सोडतो. त्या ठोक्यांनुसार पीयूषिका ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके निघतात आणि त्यांच्या जोरावर अंडाशयात बीज पक्व होते. शरीरात येणारी ऊर्जा घटली की चरबीच्या पेशींतून निघणारे लेप्टिन झपाट्याने उतरते, इतके की अंगावरची चरबी फारशी कमी होण्याआधीच त्याची पातळी खाली आलेली असते. मग हायपोथॅलॅमसचे ठोके विरळ होतात. गर्भारपण पेलण्याइतके अन्न सध्या मिळत नाही, असा हिशेब शरीर स्वतःच मांडते आणि मूल होण्याशी संबंधित खर्च आधी थांबवते.

हा हिशेब आकड्यांत मांडण्याची रीत अशी, की दिवसभरात खाल्लेल्या कॅलरींतून व्यायामात खर्च झालेल्या कॅलरी वजा करायच्या आणि उरलेल्या आकड्याला चरबी वगळून राहणाऱ्या वजनाने भागायचे. अमेरिकेतील अ‍ॅन लाउक्स आणि जीन थुमा यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नियमित पाळी असलेल्या, व्यायामाची सवय नसलेल्या २९ तरुणींना केवळ पाच दिवस वेगवेगळ्या प्रमाणात ऊर्जा दिली होती. दर किलोमागे ४५ कॅलरी उरत होत्या तेव्हा एलएचचे ठोके नेहमीसारखे होते, ३० उरल्या तेव्हाही ते टिकले, पण २० आणि १० वर आल्यावर ते विरळ झाले. पाच दिवसांत! पुढच्या संशोधनाने ३० ही काही दगडावरची रेघ नाही हेही दाखवले. तूट जितकी मोठी तितकी चक्र बिघडण्याची शक्यता वाढते, आणि कोणाचे कोठे बिघडेल हे स्त्रीगणिक वेगळे असते.

उदाहरण म्हणून ७० किलो वजनाची, ४० टक्के चरबी असलेली स्त्री घेतली. चरबी वगळून तिचे वजन ४२ किलो. ती १,००० कॅलरींचा आहार घेऊन व्यायामात २५० खर्च करत असेल तर उरलेल्या ७५० ला ४२ ने भागून जेमतेम १८ येतात. तिने खाणे १,५५० वर नेले तर हाच आकडा ३१ होतो आणि तरीही तिचे वजन उतरत राहते, मात्र आठवड्याला अर्धा किलोच्या आतबाहेर. १,००० कॅलरींचे छापील तक्ते गावभर फिरतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीचीच दिवसाची गरज १,६६० कॅलरी आहे, हे शेजारी छापले की त्या तक्त्यांची कंजुषी आपोआप दिसेल.

११ जुलै

चरबी अमुक टक्क्यांखाली गेल्याशिवाय पाळी जात नाही, असे प्रशिक्षक बाईंनी त्यांच्या प्रशिक्षणात शिकले होते, म्हणून आज त्यावर बराच वेळ बोललो. १९७४ साली रोझ फ्रिश आणि जॅनेट मॅकआर्थर यांनी पाळी टिकण्यासाठी सुमारे २२ टक्के चरबी लागते असे मांडले होते, आणि व्यायामशाळांतील पुष्कळ समजुती तेथूनच आलेल्या आहेत. मात्र मॅकआर्थर ज्यात सहभागी होत्या अशाच १९८५ च्या एका अभ्यासाने चित्र अधिक गुंतागुंतीचे असल्याचे दाखवले. धावण्याची सवय नसलेल्या २८ महाविद्यालयीन तरुणींना रोज सुमारे १६ किलोमीटरपर्यंत धावण्याचा सराव दिला गेला. त्यांतील एका गटाने वजन राखायचे होते, दुसऱ्या गटाने थोडे थोडे उतरवायचे होते. सरावाच्या काळात केवळ चौघींचे चक्र पूर्णपणे नेहमीसारखे राहिले, त्यांतील तिघी वजन राखणाऱ्या गटातल्या होत्या. या मुली काही हाडकुळ्या झालेल्या नव्हत्या. अभ्यास संपल्यानंतर सहा महिन्यांच्या आत सर्वांची चक्रे पूर्ववत झाली, ही त्यातील दिलासा देणारी बाजू.

या अभ्यासातून आमच्या पत्रकाची एक मर्यादाही समोर येते. रक्तस्राव वेळेवर होऊनही बीज सुटलेले नसणे, किंवा सुटल्यानंतरचा पंधरवडा आखूड पडणे शक्य असते, आणि तारखांच्या रकान्यात ते दिसत नाही. रोज पहाटे तापमान मोजून बीज सुटल्याचा अंदाज घेता येतो, पण चार वाजता उठून डबे करणाऱ्या बायकांकडून ही अपेक्षा करणे मला व्यवहार्य वाटत नाही. तो रकाना घातला नाही.

५ ऑगस्ट

आजपासून श्रावण. पहिल्या महिन्याची पत्रके हाती आली. पाळीचा रकाना बहुतेकींनी भरला आहे, काहींनी तेथे केवळ बरोबरची खूण केली आहे. त्यांना पुन्हा समजावून सांगावे लागेल.

एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली. पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत वजन किलोभर वाढलेले, आणि पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत उतरलेले, असे पुष्कळ पत्रकांवर दिसते. हे पाणी धरून ठेवल्यामुळे होते. चरबी एका आठवड्यात अशी ये-जा करत नाही. तरीही नेमक्या याच दिवसांत भूक वाढते, काट्यावरचा आकडा चढतो आणि मग घाबरून रात्रीचे जेवण बंद केले जाते, अशी साखळी कित्येकींच्या शेऱ्यांतून वाचायला मिळाली. म्हणून यापुढे वजनाची तुलना या पाळीच्या पाचव्या दिवसाची मागच्या पाळीच्या पाचव्या दिवसाशी करायची असे ठरवले. ‘महिनाभरात काहीच फरक नाही’ ही तक्रार यानेच निम्मी कमी होईल, असा माझा अंदाज आहे.

२२ ऑगस्ट

आजचा बहुतेक वेळ एकाच पत्रकावर गेला. वय २४, मार्गशीर्षात लग्न. वर्गात आली तेव्हा वजन ६१ किलो, आज ५४. आधीची चक्रे २९ आणि ३० दिवसांची, आहार सुरू केल्यानंतर ३८, आणि आता ५७ दिवस झाले तरी पाळी नाही. तिच्याशी संमतीने सविस्तर बोलले. सकाळी लिंबू-मध-पाणी, दुपारी एक ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, संध्याकाळी काकडी, रात्री पपईच्या फोडी किंवा डाळीचे वरचे पाणी. वर्गातला तास संपला की वेगळे पाऊण तास धावणे. तिचे खाणे ९५० कॅलरींपलीकडे जात नाही आणि साडेतीनशे व्यायामात जातात. उरलेल्या ६०० ला ४१ किलोने भागले तर पंधराच्या आसपास येतात.

“बरंच झालं ना ताई, दर महिन्याची कटकट तरी गेली,” असे ती हसत म्हणाली. पण विचारल्यावर सांगितले, की पंख्याखालीसुद्धा थंडी वाजते, झोप तुटक लागते आणि न्हाणीच्या जाळीवर केसांचा पुंजका जमतो. वेणी किती बारीक झाली हे तिने अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवले. नडगीच्या हाडावर दाबले की दुखते, हे तिने शेवटी, उठता उठता सांगितले. मला मात्र तेच सगळ्यांत महत्त्वाचे वाटले. खाणे कमी पडून पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन हे अंडाशयातून निघणारे संप्रेरक घटलेले असते आणि हाडांची झीज रोखण्याचे काम त्याच्याकडे असते. विशी हा तर हाडांची शिल्लक वाढवण्याचा काळ. अशा वेळी रोज धावत राहिले तर हाडाला बारीक चीर जाण्याचा धोका असतो.

तिच्याकडे सोनोग्राफीचा कागद होता आणि त्यावर दोन्ही अंडाशयांत अनेक लहान पुटिका, म्हणजे द्रवाने भरलेल्या बारीक पिशव्या, दिसत असल्याचे लिहिले होते. घरच्यांनी त्यावरून पीसीओडी, म्हणजे बीज वेळेवर न सुटण्याचा अंडाशयाचा विकार, ठरवले, ओळखीच्या कोणीतरी ‘पीसीओडी म्हणजे वजन कमी करा’ असे सांगितले आणि तिने भाकरी अर्धी केली.

२४ ऑगस्ट

स्त्रीरोगतज्ज्ञांनी तिला तपासले. पाळी चुकली की गर्भधारणेची चाचणी पहिली, लग्न झालेले असो वा नसो, हे त्या नेहमी सांगतात आणि तसेच केले; ती नकारात्मक आली. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित संप्रेरक) नेहमीच्या मर्यादेत, एलएच आणि इस्ट्रोजेन कमी, गर्भाशयाचे अस्तर पातळ. चेहऱ्यावर लव नाही, पूर्वीच्या पाळ्या नियमित. उपासमारीने मंदावलेल्या अंडाशयातही अशा पुटिका दिसू शकतात, त्यामुळे एकट्या सोनोग्राफीवरून पीसीओडी म्हणता येत नाही, असे त्यांचे मत पडले.

माहितीपत्रकाचा सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद यातूनच लिहिला. पाळी न येणे हे एकच लक्षण दोन परस्परविरोधी स्थितींत दिसते. पीसीओडीत इस्ट्रोजेन असते पण बीज सुटत नाही, म्हणून अस्तर महिनोन्‌महिने जाड होत राहते आणि धोका गर्भाशयाला असतो. ऊर्जेच्या तुटवड्यात इस्ट्रोजेनच कमी पडते, अस्तर पातळ राहते आणि धोका हाडांना असतो. पहिल्या स्थितीत वजन जास्त असल्यास ते बेताने उतरवणे हा उपचाराचा भाग आहे. दुसरीत तोच सल्ला म्हणजे दुखण्यात भर. वर्गात दोन्ही प्रकारच्या स्त्रिया एकाच सतरंजीवर व्यायाम करतात आणि एकमेकींचे तक्ते घरी घेऊन जातात.

तिला दिलेली योजना: धावणे पूर्ण बंद; नडगी वेगळी दाखवायची; वर्गात आठवड्यातून तीनच दिवस यायचे. खाणे टप्प्याटप्प्याने १,८०० कॅलरींपर्यंत न्यायचे, त्यात दोन्ही वेळा भाकरी, उसळ, दही, मूठभर शेंगदाणे आणि भातावर तूप. गर्भनिरोधक गोळ्या घेऊन पाळी ‘आणण्याचा’ आग्रह तिच्या आईने धरला होता. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही केवळ पाळी आणण्यासाठी किंवा हाडांसाठी या गोळ्या देऊ नयेत असे सांगतात. गोळ्यांनी रक्तस्राव होतो, मूळ तूट तशीच राहते आणि कळायचे तेच झाकले जाते.

१३ सप्टेंबर

काल गौरी गेल्या. या महिन्याच्या पत्रकांत चक्रे अचानक लांबलेली दिसताच मला आधी श्रावणातल्या उपवासांची शंका आली, परंतु प्रशिक्षक बाईंनी पत्रक पाहताच कारण सांगितले: “अहो मॅडम, गौरीसाठी गोळ्या घेतल्यात सगळ्यांनी.” पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या बंद केल्या की साधारण दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो, म्हणजे ही चक्रे सणामुळे लांबली, आहारामुळे नव्हे. ‘इतर’ रकान्यात या गोळ्यांसाठी वेगळा चौकोन घातला. दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नयेत, पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या स्त्रीने तर मुळीच नाही, ही सूचनाही जोडली. गौरीच्या दिवशी पाळी आली तर काय बिघडते, हा प्रश्न या पत्रकाच्या कक्षेबाहेरचा आहे. माझे मत सभासदांना ठाऊक आहे.

२८ सप्टेंबर

येत्या गुरुवारी घटस्थापना, त्यामुळे नवरात्रापुरते एक पान घाईने तयार केले. उपवासाने पाळी बिघडते असे सरसकट लिहिणे चूक ठरेल. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, भगर आणि राजगिऱ्याचे लाडू खाणाऱ्या घरात कॅलरींचा तुटवडा क्वचितच पडतो, पडलाच तर प्रथिनांचा पडतो, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ. खरी चिंता नऊ दिवस केवळ पाणी, लिंबू सरबत किंवा एका वेळच्या दुधावर राहून सकाळी वर्ग आणि रात्री दांडिया करणाऱ्यांची आहे. पाच दिवसांच्या प्रयोगात जे घडले त्याला येथे नऊ दिवस मिळतात. एका नवरात्राने कायमचे नुकसान होत नाही, पुढची पाळी आठवडाभर लांबू शकते एवढेच. पण आधीपासून तुटवड्यात असलेल्या सभासदांनी कडक उपवास करू नये, असे स्पष्ट लिहिले. कडक उपवास करणाऱ्यांना त्या नऊ दिवसांत वर्गात केवळ हलके ताण आणि चालणे द्यायचे, हे प्रशिक्षक बाईंनी मान्य केले.

१५ ऑक्टोबर

आता दुसरी बाजू. वय ३१, सुरुवातीचे वजन ८२ किलो, पीसीओडीचे निदान जुने, पाळी दोन-तीन महिन्यांतून एकदा. चार महिन्यांत वजन ७७ किलो झाले. आहारात काही अचाट नाही: जेवणाच्या वेळा ठरल्या, साखरेचे चहा सहावरून दोनवर आले, भाताच्या जागी काही वेळा उसळ आली, चालणे रोज आणि वजने उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून तीनदा. शेवटची दोन चक्रे ४७ आणि ३६ दिवसांची. पीसीओडीत मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के घट झाली तरी पाळी सुधारू शकते हे पुस्तकात वाचणे वेगळे, आणि समोरच्या पत्रकावर पाच किलोंनी ते घडताना पाहणे वेगळे. वजन घटले की इन्सुलिनचा प्रतिरोध, म्हणजे इन्सुलिनला शरीराने पुरेशी दाद न देणे, कमी होतो, अंडाशयातील पुरुषी संप्रेरकांची निर्मिती उतरते आणि बीज सुटण्याला वाट मिळते.

यात एक व्यावहारिक मुद्दा निघाला, जो माझ्या मसुद्यात नव्हता. पाळी क्वचित येते म्हणून आपल्याला दिवस जाणार नाहीत असे गृहीत धरून या जोडप्याने गर्भनिरोधनाचा विचार सोडलेला होता. पाळी सुधारत असताना बीज पाळीच्या आधी सुटते, त्यामुळे नको असलेली गर्भधारणा पाळी ‘लागण्याआधीच’ राहू शकते. हे वाक्य चौकटीत घातले.

६ नोव्हेंबर

दिवाळीनंतरचा पहिला वर्ग, हजेरी निम्मी. पंचेचाळिशीच्या पुढच्या तीन सभासदांनी पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी येते असे लिहून त्याचे खापर व्यायामावर फोडले आहे. या वयात रजोनिवृत्तीकडे जाताना असे होतेच. तरी दर तासाला पॅड भिजणे, आठ दिवसांहून जास्त जाणे किंवा मोठ्या गाठी पडणे ही वयाची गोष्ट म्हणून सोडून द्यायची नाही. भरपूर अंगावरून जाणाऱ्या स्त्रीने खाणे तोडले तर लोह आणखी खालावते, आणि मुळात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिनचा रकाना वाढवला. जेवणावर लगेच चहा नको, पालेभाजीवर लिंबू पिळा, हे जुनेच सल्ले पुन्हा छापले.

२५ नोव्हेंबर

चोवीस वर्षांच्या सभासदेचे पत्रक: वजन ५६.५, नडगीचे दुखणे थांबले, गेल्या आठवड्यात तीन दिवस अंगावरून गेले. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मते सलग तीन पाळ्या आल्याशिवाय चक्र पूर्ववत झाले असे धरायचे नाही, आणि याला आणखी काही महिने लागू शकतात. लग्नाचा ब्लाउज सैल करून घ्यावा लागला म्हणून ती थोडी नाराज आहे. तिच्या आईने शिंपिणीला दोन इंच कापड आत ठेवायला सांगितले होते, ते कामी आले.

दुसऱ्या आवृत्तीचा मजकूर आज पक्का केला. पत्रकाच्या तळाशी वर्गाने पाळायचा नियम छापला आहे: चक्र नेहमीपेक्षा दहा दिवसांनी लांबले की त्या सभासदेचा व्यायाम वाढवायचा नाही आणि तिचा आहार मी पाहीपर्यंत खाणे कमी करायचे नाही, पूर्वी नियमित असलेली पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टरांचा कागद आणल्याशिवाय वजन घटवण्याचे लक्ष्य द्यायचे नाही. या दुसऱ्या नियमाने दोन-चार सभासद दुसऱ्या वर्गात जातील, असे प्रशिक्षक बाईंनी बोलून दाखवले. तसे होईलही. नियम ठेवला. जानेवारीच्या तुकडीसाठी छपाई डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्यायची आहे. रकाने मोठे हवेत आणि कागद जाड हवा, कारण पहिली पत्रके पर्समध्ये घड्या पडून अर्ध्यात फाटलेली परत आली.